कामगंध सापळे लावूनही मक्यात लष्करी अळी परत परत का येते?

सापळा रिकामा, आणि मक्याचे पोंगे, म्हणजे मधली गुंडाळलेली कोवळी पाने, मात्र खाल्लेले. किंवा उलट: सापळ्याची पिशवी पतंगांनी भरलेली, दोन फवारण्या झालेल्या, तरी आठवड्याभरात पोंग्यात पुन्हा ताजी विष्ठा. विटा, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, तिकडे माण-खटाव, मका आहे त्या प्रत्येक पट्ट्यातून ही तक्रार दर हंगामात ऐकू येते. तिचा शेवटही ठरलेला असतो: "सापळ्यात काही अर्थ नाही."

अर्थ आहे. कामगंध सापळ्यात मादी पतंगाच्या वासाची गोळी, म्हणजे ल्युर, असते, आणि त्या वासावर अळीचे नर पतंग येऊन पिशवीत अडकतात. पण सापळा कोणत्या वासाने कोणाला बोलावतो, आणि कोणाला बोलावूच शकत नाही, हे कळल्याशिवाय तो उपयोगी पडत नाही. बिघाड बहुतेक वेळा तीन-चार जागीच असतो. ज्या क्रमाने मी रानात तपासतो, त्याच क्रमाने लिहितो.

ल्युर नेमकी कोणाची आहे?

सर्वांत जास्त वेळा चूक इथे सापडते, म्हणून इथेच जास्त वेळ घालवू.

खानापूर तालुक्यातल्या एका रानात दीड महिन्याचा मका होता, शेजारी सोयाबीन. पाच सापळे व्यवस्थित बांधलेले. पिशवीत पतंग बऱ्यापैकी, पण मक्यावर जितकी अळी होती त्याच्याशी ते जुळत नव्हते. मी विचारले, "काका, ल्युरचं पाकीट ठेवलंय का?" त्यांनी गोठ्यातल्या फळीवरून पाकीट काढून दिले. त्यावर बारीक अक्षरात छापले होते: स्पोडोप्टेरा लिटुरा. काका म्हणाले, "दुकानात स्पोडोची गोळी द्या म्हटलं, त्यांनी दिली की."

दोघांचेही बरोबर होते. 'स्पोडो' म्हटले की आपल्याकडे वर्षानुवर्षे लिटुराच समजतात, म्हणजे सोयाबीन, भुईमूग, तंबाखूची पाने खाणारी अळी. ती इथलीच, जुनी. मक्याचा पोंगा खाणारी अमेरिकन लष्करी अळी म्हणजे स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा. तिचे मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत नोंदली गेली, २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्गा भागात मक्यावर सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. कूळ एक, पण माद्यांचा वास वेगळा. त्या काकांच्या पिशवीत होते ते सगळे शेजारच्या सोयाबीनमधले लिटुराचे नर. मक्यातला नर त्या सापळ्याकडे फिरकलाही नव्हता.

वास वेगळा म्हणजे किती वेगळा? लिटुराच्या ल्युरमधला मुख्य पदार्थ झेड-९, ई-११ टेट्राडेकाडायनिल ॲसिटेट. अमेरिकन लष्करी अळीच्या ल्युरमधला मुख्य पदार्थ झेड-९ टेट्राडेसेनिल ॲसिटेट. दोन्ही चौदा कार्बनच्या साखळ्या, फरक एका दुहेरी बंधाचा. आपल्या नाकाला दोन्हींत काहीच कळणार नाही. नर पतंगाच्या मिशांवर मात्र या एकेका रेणूसाठी वेगळी ग्रहणकेंद्रे असतात आणि तेवढ्या फरकावर तो आपली मादी ओळखतो. आणखी एक बारकावा आहे. अमेरिकन लष्करी अळीच्या मादीच्या वासात झेड-७ डोडेसेनिल ॲसिटेट हा पदार्थ अगदी थोडा असतो, पण तो नसला तर मुख्य पदार्थ कितीही असू दे, नर नीट येत नाहीत. म्हणून एकाच नावाच्या दोन ल्युरमध्ये एक चालते आणि दुसरी चालत नाही असा अनुभव येतो. मिश्रण आणि त्याचे प्रमाण, दोन्ही जमावे लागते.

तेव्हा दुकानात 'स्पोडोची गोळी' मागू नका. 'मक्यावरच्या अमेरिकन लष्करी अळीची, फ्रुजीपर्डाची ल्युर' असे पूर्ण नाव सांगा, पाकिटावर ते छापलेले आहे का आणि उत्पादनाची तारीख काय आहे ते वाचा. हंगाम संपेपर्यंत पाकीट जपून ठेवा, कारण पुढे काही बिनसले तर पहिला प्रश्न त्याचाच येणार.

ल्युर बरोबर असली तरी पिशवीतला प्रत्येक पतंग मोजू नका. फ्रुजीपर्डाच्या ल्युरवर मक्यातलाच दुसरा एक पतंग, ल्युकेनिया लोरेयी, येत असल्याच्या नोंदी आफ्रिकेत आणि आशियात झाल्या आहेत. म्हणून पतंग तळहातावर घेऊन बघा. अमेरिकन लष्करी अळीच्या नराच्या पुढच्या पंखावर, टोकाजवळ, पांढरा तिकोनी डाग असतो आणि पंखाच्या मध्यावर तिरपा, फिकट, लांबट गोल ठिपका. लिटुराच्या पंखावर फिकट रेषांचे आडवेतिडवे जाळे असते. लोरेयीचा पंख वाळल्या गवताच्या रंगाचा, साधा, मध्ये एक बारीक पांढरा ठिपका. हे सकाळी लवकर बघावे. दिवसभर पिशवीत फडफडून पंखांवरचे खवले झडले की तिन्ही सारखेच तपकिरी दिसतात.

हीच गडबड वेलवर्गीय भाजीतही होते, म्हणून जाता जाता. कारले, दोडका, काकडीच्या रानात मिथाईल युजेनॉलचे सापळे लावलेले दिसतात. माश्या भरपूर पडतात, फळे मात्र किडतातच. मिथाईल युजेनॉलवर येतात ते आंबा-पेरूच्या फळमाशीचे नर. भोपळावर्गीय भाज्यांची फळमाशी क्यू ल्युरवर येते. मिथाईल युजेनॉल हा तर वनस्पतींचाच पदार्थ, तुळशीतही असतो. सिट्रोनेला तेलावर फळमाश्यांचे नर झेपावतात हे हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाने बिहारमधल्या पुसा येथे काम करताना १९१२ मध्ये लिहून ठेवले, आणि १९१५ मध्ये त्यामागे मिथाईल युजेनॉल असल्याचे दाखवले. नर तो चाखतात, शरीरात त्याचे रूपांतर करतात आणि पुढे मादीला आकर्षित करायला वापरतात. एका जातीला वेड लावणाऱ्या वासाला दुसरी जात ढुंकूनही विचारत नाही, हे त्या रानात रोज दिसते.

ल्युर बरोबर, तरी सापळा रिकामा

मग वारा बघायचा.

वास चारी दिशांना सारखा पसरत नाही. वारा नेईल तिकडे तो अरुंद, तुटक पट्ट्यांत वाहत जातो. उडणाऱ्या नराला ती पट्टी लागली की तो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे वासाच्या उगमाकडे निघतो. पट्टी सुटली की आडवा डावी-उजवीकडे फिरून पुन्हा शोधतो. म्हणजे वास रानावरून जायला हवा असेल तर सापळा वारा येतो त्या बांधाकडे पाहिजे. पलीकडच्या बांधावर असला तर त्याचा वास थेट शेजाऱ्याच्या शिवारात जातो आणि तिथलेच नर ओढून आणतो.

आपल्याकडे खरिपात वारा मुख्यतः पश्चिमेकडून असतो, ऑक्टोबरनंतर तो बहुतेक पूर्वेकडून वाहू लागतो. खरिपात बांधलेली काठी रब्बीतही त्याच बांधावर राहिली तर सापळा उलट्या बाजूला पडतो. तालीवरच्या, डोंगराच्या कुशीतल्या रानात रात्रीचा वारा दिवसापेक्षा वेगळा असतो, म्हणून नियमावर विसंबू नका. अंधार पडल्यावर सापळ्याच्या काठीला उदबत्ती लावा आणि बॅटरीच्या उजेडात धूर कुठे जातो ते बघा. हे पतंग रात्रीच उडतात, त्यामुळे दुपारचा वारा इथे कामाचा नाही.

उंचीही सांभाळा. सापळ्याचा तळ पिकाच्या शेंड्याच्या साधारण एक फूट वर असावा. गुडघाभर मक्यात बरोबर वाटलेला सापळा महिन्याभरात पानांत बुडतो आणि त्याचा वास तिथेच कोंडतो. काठी सुरुवातीलाच उंच रोवा, सापळा सुतळीने वर सरकवता येईल असा बांधा.

ल्युरचे आयुष्य साधारण महिना ते दीड महिना. रबरी बुचात भरलेला पदार्थ थोडा थोडा उडत असतो, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात तो लवकर उडतो. उन्हाळी मक्यात पाकिटावर लिहिलेल्या मुदतीच्या आधीच बदललेली बरी. शिल्लक ल्युर फ्रीजमध्ये, बंद पाकिटातच ठेवा. ल्युर बसवताना हाताला तंबाखू, कीटकनाशक किंवा दुसऱ्या किडीची ल्युर लागलेली नको. हातमोजा नसेल तर पाकिटाचाच कागद धरून बसवा. दोन किडींच्या ल्युर एका सापळ्यात घालू नका. पैसे वाचत नाहीत, दोन्ही बिघडतात. जुनी ल्युर काढली की रानात टाकू नका, कारण तिच्यात उरलेला वास नराला भलतीकडे फिरवत राहतो.

पिशवीचे खालचे टोक घट्ट बांधलेले आहे का तेही बघा. सैल असेल तर पतंग निसटतात, आणि मुंग्या लागल्या तर सकाळपर्यंत नुसते पंख उरतात. त्या पंखांच्या ढिगाला 'आज काही नाही' म्हणून सोडून दिलेले मी अनेकदा पाहिले आहे.

सापळा भरतो, तरी अळी कमी होत नाही

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत जास्त गैरसमज याच ठिकाणी आहे.

सापळ्यात नर येतात. अंडी मादी घालते. ल्युरमध्ये आहे तो मादीचा वास; तिला त्याचे आकर्षण नाही, ती त्या वाटेला जाणार नाही. शिवाय एक नर अनेक माद्यांशी जुगतो. शंभरातले सत्तर नर धरले तरी उरलेल्या तिसांना रानातल्या माद्या पुरतात. त्यातच हे पतंग वाऱ्याबरोबर एका रात्रीत कित्येक किलोमीटर जातात. पलीकडच्या गावात जुगलेली मादी तुमच्या मक्यात येऊन थेट अंडी घालते. तुमच्या सापळ्याचा आणि तिचा कुठे संबंधच येत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रानात खऱ्या माद्या भरपूर असल्या की सापळ्यातली संख्या उलट घटू शकते. ताज्या मादीच्या वासापुढे रबरी बुचातला वास मागे पडतो. सापळा उतरला म्हणजे कीड उतरली असे समजून फवारणी थांबवणारे शेतकरी याच टप्प्यावर फसतात.

मग मादी कशावर येते? मक्याच्या स्वतःच्या वासावर. हिरवे पान वाऱ्यात जो वास सोडते, गवत कापल्यावर येतो त्याच जातीचे हलके पदार्थ, सोबत लिनालूलसारखे सुगंधी पदार्थ, या सगळ्यांच्या एकत्र मिश्रणावरून ती अंधारात मका शोधते. पानावर उतरल्यावर पायांनी आणि सोंडेने चाचपते आणि मग अंडी घालते: एका पुंजक्यात शंभर-दोनशे, वर तिच्याच अंगावरच्या खवल्यांची करडी लव. आयुष्यभरात हजारावर अंडी. दोन-तीन दिवसांत ती उबतात.

आता आपल्या भागाकडे या नजरेने बघा. टेंभू, ताकारी या सिंचन योजनांचे पाणी आले आणि खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळकडे जिथे वर्षात एकदा जेमतेम पीक निघायचे, तिथे चाऱ्याचा, मुरघासाचा मका बारमाही झाला. पाणी आले याचा आनंद मोठा आहे, आणि तो असायलाच हवा. पण एका बांधावर तुऱ्यावर आलेला मका, शेजारी पोंग्यातला, त्याच्या पलीकडे नुकता उगवलेला, असे शिवार म्हणजे मादीसाठी वर्षभर न थांबणारा कोवळ्या मक्याचा वास. सापळा दुप्पट केल्याने तो वास कमी होत नाही. 'परत परत' येण्याचे मूळ इथे आहे, आणि दुकानात मिळणाऱ्या कुठल्याही वस्तूत त्याचा उपाय नाही.

म्हणून सापळा लावायचा तो तारीख कळावी म्हणून. उगवणीलाच लावा. पतंग सलग दोन-तीन रात्री वाढू लागले की त्या दिवसापासून पानांच्या खालच्या बाजूला अंड्यांचे पुंजके शोधायला सुरुवात करा. पुंजका दिसला की बोटांनी चिरडा. एक पुंजका म्हणजे शंभर-दोनशे अळ्या. त्यानंतर चार-पाच दिवसांनी रानात पाच ठिकाणी थांबून प्रत्येकी सलग वीस झाडे बघा. शंभर झाडे होतात, टक्केवारी वेगळी काढावी लागत नाही. पानावर पांढुरके, पारदर्शक चट्टे म्हणजे अळी लहान आहे. पोंग्यातून पाने उलगडताना ओळीने भोके, आत ओली विष्ठा म्हणजे ती मोठी झाली. खात्रीसाठी अळी बाहेर काढा: डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके.

रोपावस्थेत शंभरात पाच झाडे लागलेली दिसली की थांबू नये. अळी लहान असताना निंबोळी अर्कही काम करतो. ती विष्ठेच्या बुचाखाली पोंग्यात बसली की भारी औषधसुद्धा वरवर ओघळून जाते. संध्याकाळी फवारा, नोझल पोंग्याकडे रोखून. जनावरांना घालायचा मका असेल तर रासायनिक औषध शक्यतो टाळाच, आणि मारलेच तर लेबलवर लिहिलेले थांबण्याचे दिवस पूर्ण होऊ द्या. सकाळी फवारून संध्याकाळी कुट्टी केलेली मी पाहिली आहे. दूध घरातलीच मुले पितात.

मक्याची हाक

वासाची दुसरी बाजू माझ्या मते फार कमी लोकांपर्यंत पोचली आहे. अळी पान खाऊ लागली की मका गप्प बसत नाही. त्याचा वास बदलतो, आणि त्या बदललेल्या वासावर अळीत अंडी घालणाऱ्या छोट्या गांधीलमाश्या येतात. अमेरिकेत टर्लिंग्स, टमलिन्सन आणि लुईस यांनी हे १९९० मध्ये मक्याच्या रोपांवर दाखवले. नुसते पान कापून हा परिणाम तितका येत नाही, अळीची लाळ लागावी लागते. लाळेतला तो पदार्थ १९९७ मध्ये वेगळा काढला गेला, व्होलिसिटिन त्याचे नाव. हे प्रयोग आपल्या अळीच्या चुलत जातीवर, स्पोडोप्टेरा एक्झिग्वावर झाले होते. अमेरिकन लष्करी अळी त्यापुढची निघाली: तिने खाल्लेला मका हा वास कमी सोडतो, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. ती जणू झाडाचे तोंड दाबते.

याचा रानातला अर्थ सरळ आहे. हाक आधीच क्षीण, आणि त्या हाकेला येणारे मित्रकीटकही आपण दर आठवड्याला तीन औषधे मिसळून मारले तर पुढच्या पिढीला अडवायला कोणी उरत नाही. ट्रायकोकार्ड, म्हणजे किडीची अंडी नष्ट करणाऱ्या ट्रायकोग्रामा मित्रकीटकाचे कार्ड, लावणार असाल तर पतंग वाढू लागल्यावर लगेच लावा, आणि त्यानंतर आठ दिवस तरी रासायनिक औषध मारू नका.

बांधावर नेपियर या चाऱ्याच्या गवताच्या तीन-चार ओळी लावण्याची शिफारस आहे, ती याच वासाच्या हिशोबातली. मादीने मक्याआधी तिथे अंडी घालावीत आणि निंबोळी अर्क तेवढ्याच ओळींवर मारता यावा, हा हेतू. गाई-म्हशी असलेल्या घरात नेपियर बांधावर असतेच. पूर्व आफ्रिकेत मक्यात डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चारापीक आणि कडेने ब्रॅकियारिया गवत लावून या अळीचे प्रमाण बरेच खाली आणलेले आहे.

टोमॅटोची नागअळी

फलटण, खंडाळा, वाळवा भागातून टुटाबद्दल, म्हणजे या नागअळीबद्दल, हीच तक्रार येते. हीही बाहेरचीच, दक्षिण अमेरिकेतली. भारतात २०१४ मध्ये पहिल्यांदा पुण्याकडे सापडली. हिच्यासाठी मक्याचा नरसाळे सापळा उंचावर बांधणे उपयोगाचे नाही. पतंग जेमतेम पाच-सात मिलिमीटरचा, पिकाच्या आसपास खालूनच उडणारा. पसरट भांड्यात पाणी, त्यात थोडे साबणाचे पाणी, वर न भिजणारी ल्युर, आणि भांडे झाडांच्या खालच्या निम्म्या उंचीवर. पाणी आटले की सापळा संपला, म्हणून रोज बघावे लागते.

नर कितीही पकडले तरी इथे भरवसा आणखी कमी. या जातीची मादी नराशिवायही पिल्ले देणारी अंडी घालू शकते असे २०१२ मध्ये प्रयोगशाळेत आढळले. तिलाही टोमॅटोच्या पानांचा वासच आणतो, आणि त्याच कुळातली वांगी, बटाटा, बांधावरची कामोनी, धोत्रा तिला आसरा देतात. तोडणी संपलेला प्लॉट तसाच वाळत सोडणे सर्वांत महागात पडते. वेल उपटून पुरा किंवा प्लास्टिकखाली झाकून उन्हात तापवा, नाहीतर त्यातले पतंग शेजारच्या नव्या लागणीच्या वासावर निघतात.

गावाने मिळून करायचे

एकाच्या रानात हे सुटत नाही. निदान एका शिवारातल्या मक्याची पेरणी आठ-दहा दिवसांच्या आत उरकली तर कोवळ्या मक्याचा वास काही आठवड्यांपुरता राहतो. चाऱ्यासाठी टप्प्याटप्प्याने पेरायचेच असेल तर नवा तुकडा जुन्या मक्याच्या वाऱ्याखाली नको, वाऱ्याच्या वरच्या अंगाला घ्या. शिवारात चार-पाच जणांनी एकाच जातीची ल्युर एकाच दिवशी लावून सकाळची संख्या वहीत लिहिली, तर कोणत्या बाजूने पतंग येतात ते पहिल्याच हंगामात दिसते.

एवढे करूनही कोडे सुटले नाही तर कृषी विज्ञान केंद्रात जा: सांगलीकरांना कांचनपूर, साताऱ्याकडे बोरगाव आणि कराडजवळ कालवडे. जाताना ल्युरचे पाकीट, कागदात गुंडाळलेले चार-सहा ताजे पतंग, डबीत एक-दोन जिवंत अळ्या आणि फवारलेल्या औषधांची तारखांसह यादी न्या. पतंग प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, पंख पुसले जातात आणि मग जात सांगणे अवघड होते.